यंत्रमागाच्या शेडमध्ये ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या शेडजवळ ड्राय टाइप, म्हणजे तेलाऐवजी हवेने थंड होणारा ट्रान्सफॉर्मर बसवताय ना? मग आधी सुताच्या उडत्या तंतूंचा बंदोबस्त करा. ते वाइंडिंगच्या (तारेच्या वेटोळ्यांच्या) हवेच्या फटींत अडकले की उष्णता कोंडते, म्हणून खोली वेगळीच हवी. दर किलोवॅट लॉसमागे (उष्णता होऊन वाया जाणाऱ्या विजेमागे) मिनिटाला साधारण 4 घनमीटर हवा धरा. आत येणारी जाळी खाली, बाहेरची समोरच्या भिंतीत वर आणि जरा मोठी. सोलापूरच्या मे महिन्यात पारा 40 च्या वर जातो, तेव्हा नेमप्लेटवरचं ॲम्बियंट, म्हणजे भोवतालच्या हवेचं चालणारं तापमान, बघूनच घ्या. 100 हर्ट्झची गुणगुण राहणारच. पण खाली रबरी पॅड आणि बसबारला (वीज नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना) लवचीक जोड नसेल तर भिंतीही घुमतात. कोपरा टाळा. वाइंडिंगवरच्या रेझिनच्या आवरणावर हात मात्र कधीच नको, चालू असताना ते जिवंतच समजायचं. सफाई सप्लाय तोडून, अर्थिंग करून (जमिनीशी जोडून).