जुन्या चेनसॉ जमवून दुरुस्त करायच्या असतील तर पहिली कोणती घ्यावी?

१९५०-६० च्या दशकांतील चेनसॉ, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या साखळीच्या करवती, जमवून दुरुस्त करायच्या असतील तर पहिली कोणती घ्यावी आणि घेताना काय पाहावे, असे आपण विचारले आहे. मी अमेरिकेत ओरेगन राज्यात राहतो; येथे लाकूडतोडीचा धंदा जुना असल्याने अशा करवती लोकांच्या गॅरेजमध्ये अजूनही पडून असतात, आणि गेल्या नऊ वर्षांत त्यांतल्या चौदा मी पुन्हा चालू केल्या आहेत.

पहिली म्हणून होमलाइट कंपनीची एक्सएल-१२ घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. १९६० च्या दशकात आलेले हे यंत्र पट्टी (जिच्यावरून साखळी फिरते ती) आणि साखळी वगळता सुमारे साडेपाच किलोंचे आहे, आणि ते इतक्या संख्येने विकले गेले की सुटे भाग आजही मिळतात. साखळीची तर काळजीच नको, कारण लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून ओरेगनच्याच जो कॉक्स यांनी १९४० च्या दशकात घडवलेला वाकडा दात आजच्या साखळ्यांतही टिकून आहे.

घेताना रंगाला भुलू नये. मी भुललो होतो, आणि घरी आल्यावर सिलिंडर कामातून गेलेला निघाला. तेव्हापासून दोरी ओढण्याआधी मी सायलेन्सर काढतो आणि एक्झॉस्टच्या खिडकीतून बॅटरीच्या उजेडात पिस्टन पाहतो: त्यावर उभे ओरखडे दिसले तर ते यंत्र कधीतरी पेट्रोलमध्ये ऑइल न मिसळता चालवले गेले असण्याची दाट शक्यता असते, आणि मग ते केवळ सुट्या भागांसाठीच घ्यावे.

पिस्टन चांगला असूनही यंत्र सुरू होत नसेल तर बहुतेक वेळा दोष फ्लायव्हीलखालच्या पॉइंटमध्ये, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कात, असतो. लहानपणी वडिलांना रविवारी अंगणात चेतक स्कूटरचे पॉइंट घासताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे काम परके वाटणार नाही. राखाडी थर बारीक पॉलिश पेपरने काढावा, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) पॉइंटमध्ये ०.०१५ इंचांची फट ठेवावी, आणि प्लग बॉडीला टेकवून दोरी ओढताच निळी ठिणगी उडाली की त्या क्षणाचा आनंद मला आजही पहिल्याइतकाच होतो.

कार्ब्युरेटरचा पडदा आणि पेट्रोलची नळी मात्र न पाहताच बदलावी, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुने रबर खराब होते.

या करवतींना चेन ब्रेक, म्हणजे करवत उसळताच साखळी थांबवणारी यंत्रणा, नसतो. पट्टीचे टोक कशाला लागले तर करवत उसळून तोंडावर येते; म्हणून मी ती केवळ जमिनीवर पक्क्या टेकवलेल्या ओंडक्यावर, हेल्मेट घालून चालवतो.