मे महिन्यात बटाट्याचे फाटे लावले तर बटाटे लागतील का?

भाऊ, कुंडीतल्या बटाट्याचे फाटे तोडून ते आता मे महिन्यात वावरात लावायचं तुम्ही विचारलंय. सावली-पाणी दिलं तर फाटे जगतीलही, मुळ्याही फुटतील. बटाटे मात्र लागणार नाहीत. बटाटा पोसतो तो रात्रीच्या गारव्यावर. रात्री पारा 20 अंशांच्या आसपास किंवा त्याखाली यावा लागतो, अन् आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. झाड नुसता पाला वाढवतं, उपटून पाहिलं तर खाली पांढरे दोरे.

लोक व्हिएतनामच्या दा लातचं उदाहरण देतात. तिथले शेतकरी फाट्यांपासूनच बटाटा घेतात, हे खरं. पण दा लात समुद्रसपाटीपासून 1500 मीटर उंच आहे, वर्धा-यवतमाळ नव्हे! कुफरी सूर्या हा वाण उष्णता सोसतो, तोही आपल्या मे महिन्यापुढे हात टेकेल.

फाट्यांचा खरा फायदा बियाणं वाचवण्यात आहे. सप्टेंबरात मोड आलेलं थोडंसं बियाणं ग्रीन नेटखाली लावा. झाडं वीतभर झाली की ब्लेडने चार बोटं लांबीचे शेंडे काढा. झाड कोवळंच हवं. कळी धरलेल्या झाडाचा फाटा मुळं सोडून पानाच्या बगलेत गोटीएवढा बटाटा धरून बसतो, त्याचं रोप होत नाही. खालची पानं काढून निदान एक डोळा, म्हणजे पान फुटतं ती गाठ, कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) जाईल असा खोचा. ओल हवी, चिखल नको, नाहीतर बुडातून काळा पडतो. पंधरवड्यात मुळ्या धरतात. ज्या झाडाची पानं गुंडाळलेली किंवा चट्ट्यापट्ट्याची असतील, त्याचा एकही फाटा घेऊ नका. विषाणू बेण्यातून येतो तसा फाट्यातूनही येतो.

ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला वरंब्यावर लावा, ऊन उतरल्यावर. शेंड्याची पानं तेवढी वर ठेवून बाकी खोड मातीत दाबा, कारण बटाटा धरणारे दोरे त्या गाडलेल्या डोळ्यांतूनच निघतात. पुढे दोनदा मातीची भर द्या. आपली काळी जमीन भेगाळते, भेगेतून ऊन लागलं की बटाटा हिरवा होतो, मग तो खाण्यालायक राहत नाही. फेब्रुवारीत काढून मोकळे व्हा.

मागच्या हंगामात वांगी, टोमॅटो, मिरची होती ती जागा टाळा, मर रोग तिथूनच येतो. वावर जंगलाला लागून असेल तर रानडुकरांचा बंदोबस्त आधी. अन् जमीन काळी भारी आहे की मुरमाड ते कळवा, त्यावर पाण्याचं सांगतो.