कुत्र्यासोबत पळणं हा खरंच खेळ आहे का? आणि खान्देशातल्या उन्हात ते जमेल का?

तुम्ही चाळीसगावहून लिहिलंय की डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलंय, एकट्याने पळायचा कंटाळा येतो आणि घरी दोन वर्षांचा गावठी कुत्रा आहे. परदेशात कुत्र्याला कमरेला बांधून पळण्याच्या शर्यती होतात म्हणे, तर हा खरा खेळ आहे की नुसतं फॅड, आणि आपल्याकडे जमेल का, असा तुमचा प्रश्न आहे. वाटेतल्या मोकाट कुत्र्यांचीही तुम्हाला चिंता वाटते.

खेळ खरा आहे, आणि खान्देशात जमतो. अट एकच: वेळ, ऋतू आणि वेग कुत्र्याने ठरवायचा, आपण नाही. मी धुळ्याला राहते, शाळेत शिकवते आणि माझ्या तांबीबरोबर, म्हणजे गावठी कुत्रीबरोबर, नियमित पळते. त्या अनुभवावरून सांगते.

या खेळाला कॅनिक्रॉस म्हणतात. बर्फावरच्या गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांचा सराव बर्फ नसलेल्या महिन्यांतही सुटू नये म्हणून त्यांचे मालक कुत्र्यांबरोबर मातीवर पळू लागले, त्यातून युरोपात हा खेळ वाढला. आज त्याच्या जागतिक स्पर्धा होतात. पळणाऱ्याच्या कमरेला रुंद पट्टा, कुत्र्याच्या अंगात हार्नेस (छाती-पाठीवरून जाणारा पट्ट्यांचा साज) आणि मध्ये साधारण दोन मीटरची ताणली जाणारी दोरी. कुत्रा पुढे राहून ओढतो, आपण मागून पळतो. आपण पुढे जाऊन कुत्र्याला फरफटत नेणं नियमात बसत नाही, आणि कुत्र्याला मारलं किंवा जबरदस्ती केली तर स्पर्धेतून बाद करतात. मला हा खेळ आवडण्याचं हेच मोठं कारण आहे.

आता उन्हाचं. माणसाला अंगभर घाम येतो, कुत्र्याला जवळजवळ नाहीच. फक्त पंजांच्या गाद्यांना थोडा. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. त्याचं नेहमीचं तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सियस असतं. ते 41 च्या वर गेलं की उष्माघाताचा धोका असतो आणि तासाभरात जीव जाऊ शकतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. त्यामुळे मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत आम्ही पळणं बंद ठेवतो, पहाटे फक्त चालतो. पावसाळ्यात हवा गार वाटली तरी दमट असते आणि दमट हवेत धापा टाकून अंग लवकर गार होत नाही, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये अंतर कमीच. आपला खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. धुळ्यात थंडीत पारा एक आकडी होतो आणि त्या पहाटे तांबी जशी सुटते, ते बघायलाच उठावंसं वाटतं.

डांबरी रस्त्याची परीक्षा सोपी आहे. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा. सात सेकंद ठेववत नसेल तर पंजेही ठेववणार नाहीत. संध्याकाळी फिरायला नेणारे इथेच फसतात, कारण सूर्य गेला तरी डांबर बराच वेळ तापलेलंच असतं. शक्यतो मातीचा रस्ता धरा. तुमच्याकडे जामदा कालव्याच्या पाटाकडेचे कच्चे रस्ते आहेत, ते उत्तम. पाटणादेवीकडे मात्र कुत्रा घेऊन पळायला जाऊ नका. ते गौताळा औट्रम घाट अभयारण्य आहे. तिथे कुत्रा रानातल्या प्राण्यांच्या मागे लागतो, त्याचे रोग त्यांना लागू शकतात, आणि बिबट्याच्या दृष्टीने कुत्रा हे खाद्यच आहे. त्या पट्ट्यात शेतरस्त्यावरसुद्धा पूर्ण उजाडल्याशिवाय निघू नका.

गावठी कुत्र्याबद्दल तुमच्या लिहिण्यात थोडा संकोच दिसला, जणू या खेळाला जातिवंतच कुत्रा लागतो. उलट आहे. आखूड केस, सडपातळ अंग, लांब पाय, उभे कान, पुरेसं लांब तोंड. आपल्या हवेला याहून बरा जोडीदार मिळणं अवघड. चपट्या तोंडाच्या पगला पळवू नये, त्याला नीट श्वासच घेता येत नाही. हस्कीला आपल्या उन्हात पळवणं तर क्रूरपणा आहे. तुमचा कुत्रा दोन वर्षांचा आहे, म्हणजे हाडं भरलेली आहेत. वर्ष-दीड वर्षाच्या आतल्या पिल्लाला ओढायला लावू नका, सांधे कायमचे बिघडू शकतात.

सुरुवात पशुवैद्याकडून करा. हृदय, सांधे, वजन बघून घ्या. रेबीजची लस आणि तिचा वार्षिक डोस, जंताचं औषध, गोचिडांचा बंदोबस्त, हे झाल्याशिवाय पळायला नेऊ नका. गोचीड तापाने तगडं कुत्रं आठवड्यात निम्मं होतं. लेप्टोस्पायरोसिसची लसही द्या, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून तो रोग कुत्र्याला होतो आणि त्याच्या लघवीतून माणसालाही.

सामानापैकी हार्नेसवर कंजूषी नको. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधून ओढायला लावलं तर सगळा ताण श्वासनळीवर येतो. तयार हार्नेस ऑनलाइन मिळतात, पण माझ्या तांबीची छाती खोल आणि कंबर बारीक, तिला एकही नीट बसला नाही. शेवटी आमच्या गल्लीजवळ दप्तरं शिवणाऱ्या काकांकडे तिला घेऊन गेले. त्यांनी आधी तिला हात हुंगू दिला, मग टेपने गळ्याच्या मुळाशी, छातीच्या हाडावर आणि पुढच्या पायांच्या मागे मापं घेतली. दप्तराच्या बंदाची रुंद नायलॉन पट्टी, आतून जाड सुती कापड, आणि समोरून पट्ट्या अशा जोडल्या की ताण छातीच्या हाडावर यावा, नरड्यावर नाही. काखेत शिवण येऊ दिली नाही. तिथे शिवण घासली की दोन दिवसांत सालपट निघतं. घालून झाल्यावर पट्टीखाली दोन बोटं सहज जातात का ते बघायचं. दोरीसाठी त्यांनी एक युक्ती केली, ती मी सगळ्यांना सांगते. ताणल्या जाणाऱ्या रबरी भागाच्या आतून थोडी सैल नायलॉनची दोरी घातली. रबर तुटलंच तरी कुत्रा सुटून रस्त्यावर जात नाही. सामान बांधायच्या हुकाच्या इलॅस्टिकवर मात्र विसंबू नका, हुक झटक्यात निघतो.

पहिले काही आठवडे पळायचंच नाही. हार्नेस घालून चालायचं आणि शब्द शिकवायचे: चल, थांब, डावी, उजवी, आणि सगळ्यात महत्त्वाचा ‘सोड’. रस्त्यात मेलेली घूस दिसली किंवा मांजर आडवं गेलं तर हाच शब्द तुमची कंबर वाचवतो. मग दोन मिनिटं पळणं, तीन मिनिटं चालणं, असं वाढवत न्या. मोठ्या माणसाला आठवड्याला मध्यम जोराची किमान 150 मिनिटं हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यात चार-पाच सकाळी असं निघालात तर तेवढी सहज होते. एकट्याने पळताना ‘आज राहू दे’ म्हणणं सोपं असतं. दाराशी पट्टा तोंडात धरून उभ्या असलेल्या कुत्र्याला ते सांगता येत नाही. वजन उतरेल, पण त्याआधी तुमची झोप सुधारेल बघा.

पळण्याआधी दोन-तीन तास पोटभर खायला घालू नका. भरल्या पोटी पळवलं तर पोट फुगून पिळा पडू शकतो आणि मग तातडीने ऑपरेशन लागतं. पाणी थोडं थोडं द्या. परत आल्यावर धाप पूर्ण बसू द्या, मग भाकरी, अंडं, जे देत असाल ते. कांदा-लसणाचा रस्सा भाकरीवर ओतून देण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. कांद्याने कुत्र्याचं रक्त बिघडतं.

घरी आलं की पंजे बघायचे. आपली काळी माती ओली असली की बोटांच्या मधे गोळे धरते आणि वाळली की दगडासारखी टोचते. कोमट पाण्यात भिजवून काढावी लागते, ओढून काढू नका. सराटे तर आहेतच. पण मला सगळ्यात भीती कुसळांची. पावसाळ्यानंतर माळावरचं गवत वाळतं, त्याची कुसळं कातडीत शिरतात आणि आत आत सरकत जातात. बोटांच्या बेचक्या, काखा, कान, सगळीकडे रोज हात फिरवा. कुत्रा एकसारखा एकच पंजा चाटत असेल तर समजा काहीतरी आत आहे.

पळताना जीभ खूप लांब लोंबायला लागली, लाळ चिकट झाली, पाय अडखळले, की लगेच थांबा. सावलीत न्या, पोटावर, काखांत, पंजांवर साधं पाणी ओता, वारा घाला आणि गाडी करून दवाखाना गाठा.

मोकाट कुत्र्यांची चिंता रास्त आहे. टोळकं अंगावर आलं तर पळू नका. थांबा, आपला कुत्रा मागे घ्या, डोळ्याला डोळा न भिडवता हळू बाजूने निघा. रस्ता ठरलेला ठेवला की तिथली कुत्री आठवड्याभरात ओळखायला लागतात. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. हळद-चुना लावत बसू नका. लशीचे सगळे डोस पूर्ण करायचे, मधेच सोडायचे नाहीत.

आणि माणसांचं. एकट्याने पळायचा कंटाळा येतो असं लिहिलंत म्हणून सांगते. पहाटे एकटी बाई पळताना दिसली की लोक नुसतं बघतात. तिच्यापुढे कुत्री पळत असली की बोलतात. दुधाचे कॅन घेऊन जाणाऱ्या बाबांनी सायकल हळू करून विचारलं होतं, “कथा पयी ऱ्हायनी वं बेटा?” (अहिराणीत, कुठे पळते आहेस गं बेटा?) पुढे तेच रोज थांबून तांबीच्या डोक्यावर हात फिरवायचे. नकाणे तलावाच्या रस्त्याला आज आमचा छोटा गट आहे. त्यात एक निवृत्त पोलीस आहेत, दोन कॉलेजची मुलं आहेत, आणि एक ताई आहेत, ज्या पळत नाहीत, झपाझप चालतात. त्यांच्या लेकीला कुत्र्यांची भीती होती. ती आता सगळ्यांना पाणी पाजते. गटात चर्चा वेगाची होत नाही, कुणाच्या कुत्र्याचा पंजा बरा झाला याची होते. याच गटाने वर्गणी काढून वाटेवरच्या मोकाट कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घेतली, तेव्हा त्या वस्तीतल्या बायकांनी आम्हाला चहाला बोलावलं. त्याआधी त्याच बायका आमच्यावर ओरडायच्या.

चाळीसगावात आणखी एक-दोन कुत्रेवाले शोधा, पशुवैद्याच्या दवाखान्यातच भेटतील. आणि नोव्हेंबरनंतर एखाद्या रविवारी धुळ्याला या. येताना लसीकरणाचं कार्ड आणि त्याचं पाण्याचं भांडं आणा. नव्या कुत्र्याला आम्ही आधी लांबून, बाकीच्यांच्या बरोबरीने चालवतो आणि तो सैलावला की मगच दोरी लावतो. तेव्हा पहिल्या दिवशी तासभर जास्तीचा हाताशी ठेवा.