जंगलाला लागून असलेल्या गावात वणवा आला तर नळ योजनेची काय तयारी ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की गाव जांबोटीकडं जंगलाच्या कडेला आहे, आणि वणवा घरांपर्यंत आला तर पंचायतीच्या पाण्याचं काय करायचं. मी पण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलाच, गावच्या पाणी समितीत काही वर्षं होतो, तर जे बघितलंय तेच सांगतो.

वणव्यात पहिला करंट जातो. तारा जंगलातनंच आलेल्या, एक झाड पडलं की संपलं, नाहीतर सेफ्टीसाठी लाईन बंद करतात. बोअरची मोटर बंद म्हणजे टाकीत वर जेवढं पाणी आहे तेवढंच गावाचं. आमच्याकडं मार्चमध्ये भर दुपारी काजूच्या बागेकडनं वणवा आला तेव्हा टाकी सकाळीच गावाला सोडून झालेली, तळाला गुडघाभर पाणी. म्हातारा वॉटरमन व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरला, आत पालापाचोळा, चाक गंजून बसलेलं, दोन पोरं पान्याला लोंबकळली तरी "फिरंनाच झालाय रे" म्हणून ओरडत होता, आणि इकडं खालच्या गल्लीतले नळ उघडे, होतं तेवढं पण वाहून गेलं. वारा फिरला म्हणून वाचलो. तो खड्डा अजून डोळ्यासमोरनं जात नाही माझ्या.

म्हणून फेब्रुवारीपासनं पाऊस लागेपर्यंत टाकी सोडली की लगेच परत भरायची, अर्ध्याच्या खाली जाऊच द्यायची नाही. 50,000 लिटरची टाकी असेल तर 25,000 लिटर राखीव, म्हणजे 5,000 लिटरचे पाच टँकर गावातच उभे असल्यासारखं. प्रत्येक गल्लीचा व्हॉल्व्ह महिन्यातनं एकदा पूर्ण बंद करून परत उघडायचा, ग्रीस लावायचं, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या गल्लीचा ते टाकीच्या खांबावर पेंटनं लिहायचं, कारण वॉटरमन त्या दिवशी लग्नाला गेलेला असू शकतो. पान्याची जोडी दोन घरात ठेवा. जनरेटर भाड्यानं ठरवणार असाल तर एकदा मोटर लावून बघाच, मोटर चालू होताना कितीतरी पट करंट ओढते आणि छोटा जनरेटर तिथंच बसतो.

फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडियाच्या वन अग्नी पोर्टलवर मोबाईल नंबर रजिस्टर करता येतो, सॅटेलाईटला आग दिसली की मेसेज येतो. मेसेज आला की करंट आहे तोवर पहिली मोटर चालू करा, बाकीचे फोन नंतर.

बोअर आणि स्टार्टरच्या पेटीभोवतीचं गवत जानेवारीतच काढा. उघड्यावरचा पीव्हीसी पाईप उष्णतेनं मेणासारखा वाकतो, तो जमिनीत गाडा किंवा तेवढा तुकडा जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) घाला. आणि पाईप जळला असेल तर त्या लाईनीचं पाणी उकळून प्या असं कोण सांगितलं तर ऐकू नका. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पॅराडाईज गावात 2018 च्या आगीनंतर नळाच्या पाण्यात बेंझिन सापडलं होतं, ते कॅन्सर करणारं आहे, आणि उकळल्यावर वाफेबरोबर ते घरातल्या हवेत येतं. पाईपमधलं प्रेशर गेलं की धूर आणि घाण आत ओढली जाते, म्हणून जळालेली गल्ली व्हॉल्व्हनं लगेच तोडायची आणि पाणी तपासून आल्याशिवाय जोडायची नाही.

ओढ्यावरनं किंवा उघड्या विहिरीतनं पाणी घेत असाल तर अजून एक. डोंगर जळाला की राख तिथंच पडून राहते आणि जूनच्या पहिल्या पावसात सगळी खाली येते. ते काळं पाणी उपसू नका, ओढा निवळेपर्यंत चार-आठ दिवस बोअरवर काढा, आणि नंतर पण ब्लीचिंग टाकल्यावर शेवटच्या घरच्या नळाला क्लोरीन येतंय का ते ओटी टेस्टनं (पाण्यात औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं) बघूनच गावाला सोडा.