कोण गेलं ते सोडा, राहिलेले त्यांच्याबद्दल काय बोलतात ते ऐका

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बाणेरची प्रॉडक्ट कंपनी, पगारात ४० टक्के वाढ, एचआर दर दोन वाक्यांमागे 'हाय परफॉर्मन्स कल्चर' म्हणतेय, पण दीड वर्षात सीटीओ (तंत्रज्ञानप्रमुख), एचआर हेड आणि दोन व्हीपी (व्हाइस प्रेसिडेंट) गेलेत आणि तुमच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, तर जावं का. मी आयटीत १९ वर्षं काढलीत, त्यातली पावणेदोन अशाच एका ठिकाणी, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी चौघं गेले या आकड्याला घाबरू नका. २०२२ मध्ये सगळेच उड्या मारत होते, जूनच्या तिमाहीत इन्फोसिसची अ‍ॅट्रिशन (वर्षभरात सोडून गेलेल्यांचं प्रमाण) २८.४ टक्के होती आणि सप्टेंबरमध्ये टीसीएसची २१.५, म्हणून काय दोन्ही कंपन्यांचं कल्चर एका वर्षात बिघडलं? बाजार गरम होता, बास. वरची माणसं जातात तेव्हा मात्र गेले किती यापेक्षा कोणाच्या मागे कोण गेलं आणि जागी कोण आलं हे बघायचं. विप्रोचं बघा, थिएरी डेलापोर्त २०२० मध्ये सीईओ म्हणून बाहेरून आले, सगळी रचना बदलली, पुढे जुने वरिष्ठ गळत गेले, २०२३ च्या सप्टेंबरात २१ वर्षं तिथेच काढलेल्या सीएफओ (वित्तप्रमुख) जतीन दलाल यांचा राजीनामा आला (ते कॉग्निझंटला गेले) आणि एप्रिल २०२४ मध्ये डेलापोर्त स्वतःच मुदत संपायच्या आधी बाहेर पडले, जागी आले श्रीनी पलिया, १९९२ पासून विप्रोतलेच. बाहेरचा साहेब आला की असं होतंच, त्रास होतो पण कंपनी बुडत नाही. ऑनलाइन शिकवणीवाल्या बायजूजचं प्रकरण वेगळं होतं, जून २०२३ मध्ये ऑडिटर डेलॉइट आणि बोर्डावरचे गुंतवणूकदारांचे तीन प्रतिनिधी एकदमच बाहेर पडले. हिशोब बघणारी माणसं घाईने उठून जायला लागली की आपणही चप्पल शोधायची.

आता शोधायचं कुठे. कंपनी लिस्टेड (शेअरबाजारात नोंदलेली) असती तर सोपं होतं, सेबीच्या नियमाने सीनियर मॅनेजमेंटमधला माणूस गेला की त्याचं राजीनाम्याचं पत्र एक्स्चेंजला द्यावं लागतं, आणि बाजारमूल्याने पहिल्या हजार कंपन्यांच्या बीआरएसआर रिपोर्टमध्ये (पर्यावरण, कर्मचारी वगैरेंबद्दलचा वार्षिक अहवाल) तीन वर्षांचा टर्नओव्हर रेट, म्हणजे सोडून गेलेल्यांचं प्रमाण, बायका-पुरुष वेगळा करून छापलेला असतो, तो कोणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी. तुमची प्रायव्हेट आहे, तर एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) साइटवर १०० रुपये भरून कागद बघता येतात, पण त्यात डायरेक्टरचं येणं-जाणं दिसेल, व्हीपी दिसणार नाहीत. त्यापेक्षा फुकटची युक्ती सांगतो, ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर एस्टॅब्लिशमेंट सर्च आहे, तिथे कंपनीचं नाव टाकलं की कोणत्या महिन्याचा पीएफ किती लोकांचा आणि कोणत्या तारखेला भरला ते दिसतं. माणसांचा आकडा दोन वर्षं मागे जाऊन बघा, आणि १५ तारखेची मुदत किती वेळा चुकलीय तेही. ग्लासडोरचे (कर्मचारी कंपनीला रेटिंग देतात ती साइट) ४.२ स्टार राहू द्यात, माझ्या जुन्या कंपनीत अप्रेझलच्या आधी रिव्ह्यू लिहायला सांगायचे.

पण हे सगळं कागदावरचं झालं. मला कागद बघून कळलं नसतं. इंटरव्ह्यूत मी विचारलं होतं, या जागेवर आधी कोण होतं, तर डायरेक्टर हसून म्हणाले, 'चांगला होता, पण आपल्या स्पीडला नाही झेपला', आणि मला वाटलं वा, म्हणजे आपण झेपणारे. पहिल्या दिवशी केबिनचा खालचा ड्रॉवर उघडला तर आत व्हिजिटिंग कार्डांचे तीन डबे. तीन वेगळी नावं, हुद्दा तोच, एक्स्टेंशन नंबर तोच, आणि दोन डब्यांचं तर प्लास्टिकही फाडलेलं नव्हतं. मी पुढे वर्षभर त्या कार्डांच्या पाठीवर कामांची यादी लिहायचो. आपल्याकडे मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, तिथे उलटं होतं, जो गेला त्याच्या म्हशीने कधी दूध दिलंच नव्हतं. सर्व्हर पडला, ते त्याच्या काळातलं, क्लायंट चिडला, तेही त्याच्याच काळातलं. पहिले सहा महिने हे ऐकायला बरं वाटतं कारण आपल्यावर काही येत नाही. मग एका मीटिंगला मी पाच मिनिटं उशिरा पोचलो आणि दाराबाहेरच माझं नाव भूतकाळात ऐकलं.

म्हणून मी म्हणतो, गेलेल्यांना भेटा जरूर (गेल्या महिन्यात गेलेल्याला नको, तो अजून तापलेला असतो, वर्ष उलटलेला गाठा आणि फक्त एवढंच विचारा की तुझ्या जागी कोण आलं आणि ते अजून आहेत का), पण राहिलेल्यांना जास्त ऐका. कडक कंपनी वाईटच असते असं नाही. नेटफ्लिक्सने २००९ मध्येच आपल्या कल्चरच्या स्लाइड्समध्ये उघड लिहून ठेवलं की काम नुसतंच ठीकठाक असेल तर चांगली रक्कम देऊन निरोप, आणि त्या स्लाइड्स बनवण्यात ज्यांचा हात होता त्या तिथल्या एचआरप्रमुख पॅटी मॅकॉर्डही २०१२ मध्ये बाहेर गेल्या. पटो न पटो, आधी सांगितलंय आणि जाताना पैसे देतात. आपल्याकडे बरेच जण पहिला भाग उचलतात, रकमेचा भाग विसरतात, मग दोन महिने पीआयपी (काम सुधारायची लेखी मुदत) आणि 'तूच राजीनामा टाक, रिलीव्हिंग लेटर नीट देतो'.

तेव्हा ऑफर लेटर नीट वाचा. नोटीस पिरियड तुम्हाला ९० दिवस आणि कंपनीला ३० असेल तर तिथेच अडा. ४० टक्के वाढीतलं व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा, पक्का नसलेला भाग) किती ते काढा, जॉइनिंग बोनस किती महिन्यांत परत मागू शकतात ते बघा. ईसॉप (कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क) असतील तर पहिलं वर्ष हातात काहीच पडत नाही, आणि ते चौघं वर्ष भरायच्या आत गेले की भरल्या भरल्या गेले हे लिंक्डइनवर तारखा जुळवून कळेल. वर्ष भरायच्या आत गेले असतील तर पैशावर पाणी सोडून गेलेत, म्हणजे कंपनीत काहीतरी नक्कीच असह्य होतं. आणि सहा हप्ते बाजूला नसतील तर सध्या जाऊच नका, कंपनी कितीही चांगली निघो.

मंगळवारी फाउंडरबरोबर शेवटचा राउंड आहे म्हणताय ना, तिथे सीटीओबद्दल सरळ विचारा, त्यांनी केलेलं कोणतं काम तुम्ही अजून वापरताय? एखादी गोष्ट नाव घेऊन सांगितली तर पुढे बोलणी करा. 'तो आपल्या कल्चरचा नव्हता' एवढंच आलं तर चहा पिऊन घरी या.