ल्युमिनन्स चढवला आणि रंग उडाला

प्रश्न : एम ५१ दीर्घिकेवर चार रात्री घालवल्या. ल्युमिनन्सच्या (रंगाविना, नुसता उजेड टिपणाऱ्या) ३-३ मिनिटांच्या ८० फ्रेम, आणि लाल, हिरवा, निळा प्रत्येकी २०. नुसता ल्युमिनन्स पाहिला की झकास दिसतो. रंगावर चढवला की भुजा राखाडी पडतात, गाभा पांढराफट्ट होतो आणि ताऱ्यांभोवती काळी कडी उमटतात. रंगाला अजून वेळ द्यायला हवा होता का? फाइल आणि केलेल्या पायऱ्यांचं टिपण सोबत पाठवतो आहे.

उत्तर : या दुखण्यावर रंगाच्या फ्रेम वाढवणं हे औषध नाही. तुमच्या रंगात खोट नाही. ल्युमिनन्स फार उजळ झालाय.

जोडणी करताना सॉफ्टवेअर रंगीत चित्रातली उजेडाची पातळी काढून टाकतं आणि तिच्या जागी तुमचा ल्युमिनन्स बसवतं. आता पिक्सेल पांढऱ्याच्या जवळ गेला, की लाल, हिरवा, निळा तिघेही छताला टेकतात. मग रंग दाखवणार कुठे? तुमच्या फाइलवर मी कर्सर नेऊन पाहिला. ० ते १ च्या मापात गाभ्यापाशी ल्युमिनन्स ०.९७, आणि त्याच जागी रंगीत चित्राचा उजेड ०.६२. भुजांवरही अशीच तफावत.

उपाय कंटाळवाणा आहे. रंगीत चित्राची एक करडी प्रत काढा, ल्युमिनन्स तिच्याशेजारी ठेवा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ल्युमिनन्सचा स्ट्रेच (अंधुक भाग दिसावा म्हणून चित्र ताणून उजळणं) खाली आणा. मग जोडा. ल्युमिनन्स एकटा पाहताना जरा मवाळ, अगदी 'हे काय काढलंय' असं वाटण्याइतका मवाळ दिसला, तर समजा बरोबर चाललंय. एकट्या ल्युमिनन्सवर खूश होऊन त्याला शेवटपर्यंत ताणायचं ही आपल्या सगळ्यांचीच खोड. गाभ्यासाठी म्हणाल तर स्ट्रेच एका झटक्यात करू नका. चार-पाच छोट्या टप्प्यांत करा आणि दर टप्प्याला गाभ्यावर मास्क (तेवढा भाग बदलापासून झाकणारा पडदा) ठेवा. धुळीच्या काळ्या रेघा गाभ्याच्या अगदी जवळपर्यंत जातात, त्या दिसेनाशा झाल्या की थांबायचं आणि एक पाऊल मागे यायचं.

काळ्या कड्यांचं कारण वेगळं आहे. तुमच्या टिपणात डीकॉन्व्होल्यूशन (पसरलेले ठिपके पुन्हा आवळण्याची पायरी) स्ट्रेचच्या खाली, म्हणजे नंतर, लिहिलंय, घोळ तिथेच आहे. बहुतेक प्रोग्रॅममध्ये असतो तो रिचर्डसन (१९७२) आणि ल्युसी (१९७४) यांच्या नावाचा अल्गोरिदम. वातावरणाने आणि दुर्बिणीने ताऱ्याचा ठिपका कसा पसरवला हे त्याला आधी द्यावं लागतं, मग तो पसारा तो उलटा फिरवतो. हा हिशेब जमायला पिक्सेलचा आकडा पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात असावा लागतो. स्ट्रेच केला की ते प्रमाण मोडतं. म्हणून डीकॉन्व्होल्यूशन स्ट्रेचच्या आधी, लिनिअर म्हणजे अजून न ताणलेल्या फाइलवरच. तरीही ठळक ताऱ्यांना मास्क लावा. भरून सपाट झालेला तारा या हिशेबात कधीच बसत नाही आणि भोवती कडं सोडतो. आकाशाची रिकामी पार्श्वभूमीही मास्कखाली झाका. तिथे शार्प करण्यासारखं काही नाही, फक्त नॉइज कुरळा होतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. तुमची पार्श्वभूमी साफ ० वर गेली आहे. ती ०.०८ च्या आसपास ठेवा. एनजीसी ५१९५ या जोडीदाराच्या बाहेर फिकट पदर पसरलेले आहेत, दोन दीर्घिकांच्या ओढाताणीत भिरकावले गेलेले तारे. चार तासांच्या ल्युमिनन्समध्ये ते नक्की आलेले असणार. काळ्या टोकाचा स्लायडर ओढून तुम्ही ते कापून टाकलेत.

आणि ल्युमिनन्सला इतका मान का, असं वाटत असेल, तर लॉर्ड रॉस आठवा. १८४५ साली ७२ इंची आरशातून त्यांनी याच दीर्घिकेचा भोवरा पहिल्यांदा ओळखला आणि चितारला. रंगाचा पत्ता नव्हता. आकार सगळा उजेड-अंधारातच होता.

प्रश्न : एम ८१ दीर्घिकेच्या ल्युमिनन्समध्ये धुरकट डाग येतात. ग्रेडियंट (पार्श्वभूमीचा कमी-जास्त होत जाणारा उजेड) काढला की जातात. गेले ते बरंच झालं ना?

उत्तर : मीही असंच बरं वाटून घेतलं होतं. पार्श्वभूमीचा उजेड मोजायचे नमुना-बिंदू फ्रेमभर दाट पेरले, आकाश पाटीसारखं गुळगुळीत करून टाकलं आणि चित्र मित्राला दाखवलं. त्याने विचारलं, "धूळ कुठे गेली?" एम ८१ आणि एम ८२ च्या भागात आपल्याच आकाशगंगेची धूळ पुढ्यात पसरलेली आहे. आकाशगंगेतल्या ताऱ्यांच्या एकत्रित उजेडाने ती अंधुक चमकते. एम ८१ तिच्यामागे, सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर. मी चार रात्रींची खरी धूळ कचरा म्हणून झाडून टाकली होती.

खरंखोटं ओळखायचं तर एका रात्री कॅमेरा ९० अंशांत फिरवून फ्रेम घ्या. डाग ताऱ्यांबरोबर फिरला तर तो आकाशातला. चित्राच्या त्याच कोपऱ्यात बसून राहिला तर फ्लॅट (एकसारख्या उजेडात घेतलेली, कॅमेऱ्या-दुर्बिणीचे डाग काढणारी फ्रेम) पुन्हा काढा. रात्र सरेल तसा सरकत गेला तर चंद्र किंवा दिव्यांचा उजेड. ग्रेडियंट काढताना मोजके बिंदू ठेवा, दीर्घिकेच्या दिसणाऱ्या कडेपासून चांगले लांब, आणि प्रोग्रॅमने वजा केलेलं चित्र उघडून बघाच. त्यात दीर्घिकेची सावली दिसली, तर तुम्ही तिचाच प्रकाश वजा केलाय.

प्रश्न : हायड्रोजन-अल्फाच्या (हायड्रोजन वायूच्या लाल प्रकाशाच्या) फ्रेम ल्युमिनन्समध्ये मिसळू का? फिल्टर ३ नॅनोमीटरचा आहे.

उत्तर : दीर्घिकेत नको. गुलाबी तेजोमेघ उठून दिसतील, पण निळ्या तारकागुच्छांनी भरलेल्या भुजा त्यांच्यापुढे मंदावतील. लाल चॅनलमध्ये मिसळा, तेही आधी त्यातून लाल फिल्टरचा अखंड प्रकाश, म्हणजे ताऱ्यांचा नेहमीचा उजेड, वजा करून. आणि फिल्टर अरुंद आहे म्हणून एक हिशेब. हायड्रोजन-अल्फाची रेषा ६५६.३ नॅनोमीटरवर असते. एम ५१ आपल्यापासून सेकंदाला सुमारे ४६० किलोमीटरने दूर जाते, त्यामुळे ती जवळजवळ १ नॅनोमीटरने लालकडे सरकते. तुमच्या फिल्टरच्या मध्यापासून कड दीडच नॅनोमीटरवर आहे, म्हणजे सिग्नल कमी वाटला तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका.