ही फाइल उघडायची तरी कशात?

प्रश्न : ऑफिसातल्या एकाने मेलवर फाइल पाठवलीय, नावाच्या शेवटी डॉट डॅट आहे. डबल क्लिक केलं की कॉम्प्युटर मलाच विचारतो कशात उघडू. नाव बदलून डॉट पीडीएफ केलं तर फाइल खराब आहे म्हणतो. आता?

उत्तर : खराब नाही झालेली, घाबरू नका. शेवटची ती अक्षरं, म्हणजे एक्स्टेन्शन, विंडोजला फक्त कुठला प्रोग्रॅम लावायचा एवढंच सांगतात, नाव बदललं म्हणून आतला माल बदलत नाही. आधी जुनं नाव परत द्या. ते विनमेल डॉट डॅट असेल तर प्रश्नच मिटला, पाठवणाऱ्याच्या आउटलुकने मेल आपल्याच फॉरमॅटमध्ये गुंडाळून पाठवलीय, त्यांना सांगा फॉरमॅट एचटीएमएल किंवा प्लेन टेक्स्ट करून परत पाठवा.

तसं नसेल तर फाइलची एक कॉपी करा आणि ती कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. सगळा कचरा दिसेल, दिसू दे, तुम्ही फक्त अगदी सुरुवातीची अक्षरं बघा आणि सेव्ह न करता बंद करा, कारण नोटपॅडने सेव्ह केली की मग खरंच वाट लागते. टक्क्याची खूण आणि पुढे पीडीएफ असेल तर ती पीडीएफ, दुसऱ्या-तिसऱ्या अक्षरापासून पीएनजी दिसलं तर चित्र. पीके दिसलं तर झिप, म्हणजे अनेक फाइली दाबून एकत्र बांधलेलं गाठोडं, पीके ही १९८९ साली झिप फॉरमॅट आणणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं, अजून प्रत्येक झिपमध्ये बसलीयत. पण गंमत अशी की वर्ड-एक्सेलच्या नव्या फाइलीसुद्धा आतून झिपच असतात, म्हणून पीके दिसलं की सेव्हन-झिप या झिप उघडणाऱ्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडून बघा, आत वर्ड नावाचं फोल्डर असेल तर शेवटी डॉट डीओसीएक्स लावा, एक्सएल असेल तर डॉट एक्सएलएसएक्स.

प्रश्न : आयफोनवरचे फोटो कॉम्प्युटरवर घेतले तर एचईआयसी येतात, उघडत नाहीत.

उत्तर : २०१७ च्या आयओएस ११ या आयफोनच्या सिस्टिमपासून फोटो या फॉरमॅटमध्ये साठवणं सुरू झालंय, जागा कमी लागते म्हणून. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे मोस्ट कम्पॅटिबल करा, पुढचे फोटो जेपीईजी येतील. आधीच्यांसाठी फोटोजच्या सेटिंगमध्ये ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी ऑटोमॅटिक ठेवा आणि केबलने परत कॉपी करा.

प्रश्न : कुठलीही फाइल उघडतं असं सांगणारं फुकट सॉफ्टवेअर टाकू का?

उत्तर : नको. व्हिडिओला व्हीएलसी, जुन्यापान्या डॉक्युमेंटला लिब्रेऑफिस, एवढ्यात बहुतेकांचं भागतं. त्यापेक्षा फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा. विंडोज ती लपवून ठेवतो, आणि मग बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई ही फाइल तुम्हाला नुसती बिल डॉट पीडीएफ दिसते. ईएक्सई म्हणजे प्रोग्रॅम, बिल नव्हे, ती न उघडता डिलीट करा आणि पाठवणारा ओळखीचा असेल तर त्याला फोन करून विचारा की बाबा हे तूच पाठवलंस ना.